आधी बरणी उलटी करा

मागच्या अंकात मुलांच्या डब्याविषयी लिहिताना एक वाक्य सहज लिहून गेले : आमच्याकडे पोयीला, म्हणजे आपल्या गोव्याच्या पावाला, लावायचं चॉकलेट दुकानातून येत नाही, मिक्सरातून येतं. डबा राहिला बाजूला, पत्रं आली ती सगळी या एका वाक्यावर. ‘कृती का दिली नाही’ म्हणून दोघी-तिघींनी रागही भरला आहे. तेव्हा या वेळी सगळं सदर चॉकलेटचं.

टीचर, मी तुमची जुनी विद्यार्थिनी. मुलगा सहा वर्षांचा आहे. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न वाजला की त्याला गरम पोय आणि चॉकलेट स्प्रेड, दुसरं काही नको. ३५० ग्रॅमची बरणी तो एकटा दहा दिवसांत संपवतो. घरी केलं तर पौष्टिक होईल का? कृती द्याल?
— एक आई, डिचोली

कृती देते, पण आधी ती बरणी उलटी कर आणि मागची बारीक अक्षरं वाच. घटकांची नावं वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची असतात. जे सगळ्यांत जास्त, ते पहिलं. चॉकलेट स्प्रेडच्या बहुतेक बरण्यांवर पहिलं नाव साखरेचं आणि दुसरं तेलाचं सापडेल. पुढच्या चित्रातला सुका मेवा आणि कोको त्यानंतर. तू कंपनीचं नाव लिहिलं नाहीस, म्हणून सर्वांच्या ओळखीची न्यूटेला धरू : शंभर ग्रॅममध्ये साखर ५६ ग्रॅम, हेझलनट १३ आणि कोको साडेसातच्या आसपास. हे मी रागाने सांगत नाहीये. चव झकास असते, चमचा मीही चाटलेला आहे.

आता हिशेब कर. दहा दिवसांत ३५० म्हणजे दिवसाला ३५ ग्रॅम, आणि त्यात साखर जवळजवळ २० ग्रॅम. चहाचे पाच चमचे झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगून ठेवलंय की वरून घातलेली साखर, मध, फळांचे रस यांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि ५ च्या आत आली तर आणखी बरं. सहा वर्षांच्या मुलाच्या दिवसाला १४०० कॅलरी धरल्या, तर दहा टक्के म्हणजे ३५ ग्रॅम साखर आणि पाच टक्के म्हणजे साडेसतरा. पोदेराची सायकल तुझ्या गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत तुझ्या लेकाचे साडेसतरा संपलेले असतात. दुधातली साखर, बिस्किटं, शाळेतल्या कुणाच्या वाढदिवसाची चॉकलेटं हे सगळं त्याच्यावर.

आता कृती. काजूचे तुकडे घे २०० ग्रॅम, दोन वाट्यांना थोडे वर. अख्खे काजू घेऊ नकोस. दळायचेच तर आकाराचे पैसे कशाला मोजायचे? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तुकडा वेगळा मिळतो. मात्र खारवलेला नको, आणि घेताना एक दाणा चावून बघ. खवट काजू कोकोखाली लपत नाही, उलट जास्त कळतो. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर आठ-दहा मिनिटं भाज. रंग फिकट बदामी झाला, वास सुटला की उतरव. पावसाळ्यात हे काम जास्त नेटाने कर, कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर डबाबंद काजूही सादळतो, आणि सादळलेल्या काजूला तेल सुटत नाही.

काजू कोमट असतानाच मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात घाल. थंडगार झाला की वेळ दुप्पट लागतो. पहिल्यांदा पीठ होईल, मग ओलसर रवा, मग सगळ्याचा एक हट्टी गोळा होऊन पात्यावर बसेल. बहुतेक जणी इथे घाबरून पाणी घालतात. घालू नकोस. भांडं उघड, कडा खरवडून घे, पुन्हा फिरव. काजूत स्निग्धांश शंभराला ४४ च्या आसपास असतो, हेझलनटमध्ये ६० च्या वर. म्हणून काजू पातळ व्हायला उशीर लावतो, पण होतो. तीस-चाळीस सेकंद फिरवायचं आणि तेवढीच विश्रांती द्यायची. विश्रांती काजूला नव्हे, मिक्सरला. माझा पहिला मिक्सर याच गोळ्यापायी जळाला. धूर निघाला तेव्हा मला वाटलं, काजू करपले. मध्येच बंद पडलाच तर खालचं लाल बटण दाबायच्या आधी दहा मिनिटं जाऊ दे.

गोळा सैल होऊन चमच्यावरून ओघळायला लागला की कोको पावडर २५ ग्रॅम, म्हणजे चार मोठे चमचे, चाळून घाल. सोबत ५० ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि जायफळाची एक किस. व्हॅनिलापेक्षा मला जायफळ आवडतं, आणि आमच्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, ते पडलेलं असतं. शेवटी खोबरेल दोन मोठे चमचे. पुन्हा दोन-तीन वेळा फिरव, झालं. साधारण ३०० ग्रॅम होतं.

कोको घेताना ‘अल्कली प्रक्रिया केलेला’ असा उल्लेख आहे का ते बघ. तो गडद आणि सौम्य असतो, पण कोकोतली जी गुणकारी द्रव्यं म्हणून आपण नावाजतो, त्यांतली बरीच त्या प्रक्रियेत जातात. साधा कोको रंगाने फिका, चवीला किंचित आंबट-कडू. मी साधा वापरते. मुलाला कडू लागला तर अर्धा-अर्धा कर. घरी शांतता राहणंही आरोग्याचंच आहे.

आता तुझा शब्द, पौष्टिक. या ३०० ग्रॅममध्ये वरून घातलेली साखर ५०, म्हणजे शंभराला सोळा-सतरा. बरणीतली ५६. पंधरा ग्रॅमचा एक चमचा पोयीवर पसरला तर बाजारच्यात आठ ग्रॅम साखर आणि घरच्यात अडीच. फरक मोठा आहे. पण कॅलरी मोजायला गेलीस तर काजू, तेल, साखर, कोको मिळून शंभर ग्रॅमला ५३० च्या घरात जातात, आणि बाजारच्या बरणीतही तेवढ्याच असतात, ५४० च्या आसपास. काजू म्हणजे वजन कमी करायचं औषध नव्हे. तेव्हा ‘घरचं आहे, खाऊ दे’ म्हणत दोन चमच्यांचे चार झाले, तर बाकी सगळं होतं तिथेच राहिलं. साखर कमी झाली आणि आत काय आहे ते कळलं, एवढाच आपला नफा.

आणि एकदम बदलू नकोस. मी अतिशहाणपणाने पहिल्या खेपेला साखर ३० ग्रॅमच घातली होती. नातवाने बोट चाटलं आणि विचारलं, ‘आजी, हे जेवणाआधी घ्यायचं की नंतर?’ मग मी दुकानच्या जुन्या बरणीत घरचं कालवायला सुरुवात केली. पहिला आठवडा पाव हिस्सा, दुसरा अर्धा, तिसरा पाऊण. चौथ्या आठवड्यात बरणी तीच, आतला माल माझा. त्याच्या ध्यानातच आलं नाही. ही फसवणूक आहे हे मला मान्य आहे.

चॉकलेट स्प्रेड हेझलनटचंच असतं ना? इथे ते फार महाग पडतात, मिळतात तेही जुने. काजू घातले तर ती नक्कल होणार नाही का?
— एक वाचक, मडगाव

नक्कल कसली? मूळ पदार्थच मुळात अडचणीतून निघालेला आहे. नेपोलियनने १८०६ मध्ये इंग्लंडशी व्यापार तोडला, युरोपात कोको महाग झाला, आणि इटलीत तुरिनच्या मिठाईवाल्यांनी असेल तेवढ्या कोकोत हाताशी पिकणारा हेझलनट कुटून घालायला सुरुवात केली. त्याला ते जांदुया म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा तोच तुटवडा. त्या वेळी जवळच्याच आल्बा गावच्या पिएत्रो फेरेरोने १९४६ मध्ये हेझलनटची वडी काढली, सुरीने काप करून पावावर ठेवायची. १९५१ मध्ये ती पसरता येईल इतकी मऊ झाली आणि १९६४ मध्ये बरणीत बसून न्यूटेला झाली.

म्हणजे तिथल्या बायाबापड्यांच्या दारात जे झाड होतं, ते त्यांनी घातलं. आपल्या दारात काजू आहे. तोही मूळचा इथला नव्हेच म्हणा, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला. कोकोचं झाडही त्याच खंडातलं, आणि आता ते शेजारच्या कर्नाटकातल्या दक्षिण कन्नडात सुपारीच्या बागांतून पिकतं. दोघे एका मुलुखातले. माझ्या फोंड्याच्या मिक्सरात त्यांची गाठ पडते, तर त्याला नक्कल म्हणू नका.

काजूही जड वाटत असतील तर शेंगदाणे घ्या. भाजून, सालं पाखडून, काळपट, सुरकुतलेला, बुरशीचा एकूण एक दाणा निवडून. ही निवड कंटाळवाणी आहे पण ती टाळू नका. शेंगदाण्याच्या बुरशीचं विष यकृताला बाधतं आणि भाजल्याने पुरतं जात नाही. शेंगदाण्याला तेल लवकर सुटतं, वरून घालावंही लागत नाही. चवीला मात्र शेंगदाणा शेंगदाणाच राहतो.

काकी, साखर नको म्हणून मी माडाचं गोड, म्हणजे माडाचा गूळ, किसून घातलं. तोवर मिश्रण सुंदर सैल झालं होतं. गोड पडताच एका क्षणात दगड! तेल वेगळं, गोळा वेगळा. दोनशे ग्रॅम काजू वाया गेले. माझं काय चुकलं?
— गृहिणी, काणकोण

अजून टाकलं नसेल तर टाकू नका.

माडाच्या गोडात ओल असते. हाताला चिकटतं ते उगाच नाही. काजूचं वाटण म्हणजे तेलात तरंगणारे कोरडे कण. त्यात चमचाभर जरी पाणी शिरलं, तरी साखरेचे आणि कोकोचे कण त्या पाण्याभोवती एकमेकांना चिकटतात आणि तेलाला बाहेर ढकलतात. चॉकलेट वितळवताना वाफेचा थेंब पडला की ते जसं आवळतं, तसंच हे. गंमत अशी की थोडं पाणी मारतं आणि बरंच पाणी तारतं. चार-पाच चमचे नारळाचा दाट रस कडकडीत गरम करा, त्या दगडावर एकेक चमचा घालत मिक्सर फिरवत राहा. तिसऱ्या-चौथ्या चमच्याला तो मऊ होऊन एकजीव होईल. वेगळं झालेलं तेलही परत आत जाईल.

मात्र आता तो वेगळा पदार्थ झाला. ओल आहे म्हणजे बुरशी आली. फ्रीजमध्येच ठेवायचा आणि चार-पाच दिवसांत संपवायचा. पहिली कोरडी कृती मी उन्हाळ्यात तीन आठवडे ओट्यावर ठेवते. पावसाळ्यात तीही फ्रीजमध्ये. बाटली, झाकण, चमचा खडखडीत कोरडे हवेत. वरच्या थरावर पांढरा ठिपका दिसला तर तेवढाच काढून बाकीचं खाऊ नका, सगळं टाका. इथे माझ्यासारखीचाही जीव कळवळतो, पण टाका.

तुमची चूक मला आवडली, म्हणून ती मुद्दाम करून पाहिली. दोदोल ही मिठाई करताना जसा नारळाचा रस आणि गोड आटवतो, तसं ७० ग्रॅम माडाचं गोड अर्ध्या वाटी दाट रसात विरघळवलं, गाळलं, त्यात चार चमचे कोको घोटून मंद आचेवर चमच्याला चिकटेपर्यंत आटवलं आणि निवल्यावर शंभर ग्रॅम वाटलेल्या काजूत मिसळलं. धुराची किंचित झाक असलेली ती चव कोणत्याही बरणीत नाही. आमच्या घरात सकाळी केलेलं संध्याकाळी नव्हतं, त्यामुळे चार-पाच दिवस टिकतं की नाही ते बघायची वेळच आली नाही.

पण ‘साखर नको म्हणून गोड’ हे मात्र खोडते. गूळ उसाचा असो वा माडाचा, त्याचा फार मोठा भाग साखरच आहे. खनिजं असतात, पण चमच्याच्या हिशेबात नगण्य. गोड चवीसाठी घाला, पुण्यासाठी नको.

मला मधुमेह आहे. सुनेने खजूर घालून ‘शुगर फ्री’ चॉकलेट स्प्रेड केलं आहे. तिने पाम तेलाऐवजी आपलं खोबरेल वापरलं. ते हृदयाला चांगलं, असं ती म्हणते. मी बिनघोर खाऊ का?
— निवृत्त शिक्षक, पेडणे

सर, सुनेचं कौतुक करा आणि बिनघोर खाऊ नका.

बिया काढलेल्या खजुराच्या वजनात साठ टक्क्यांहून अधिक साखर असते. त्यासोबत तंतू येतात ही जमेची बाजू, पण ‘शुगर फ्री’ म्हणता येत नाही. खायचंच झालं तर गोडाविना करून घ्या : काजू, कोको, मीठ, दालचिनी. काजूला अंगचाच हलका गोडवा असतो, आठ दिवसांत जिभेला पटतो. किती खायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना खालच्या पोयीचाही उल्लेख करा. रुग्ण वरचं सांगतात, खालची पोय विसरतात. कोंडा लावलेली असली तरी ती गव्हाचीच आहे.

खोबरेलाविषयी लिहिताना माझा हात अडखळतो. आमच्या घरात माशाच्या आमटीपासून देवाच्या समईपर्यंत तेच. तरी खरं ते लिहिते. पाम तेलात संपृक्त स्निग्धांश निम्म्याच्या आसपास असतो, खोबरेलात नव्वद टक्क्यांच्या जवळ. तेव्हा हृदयाच्या नावाखाली पाम काढून खोबरेल घालणं हे उलट्या दिशेने चालणं झालं. मी माझ्या कृतीत घालते ते चवीसाठी आणि पोतासाठी, ३०० ग्रॅमला दोन चमचे. आणखी एक सोय : खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली थिजतं. आपल्याकडे ओट्यावर ते बहुतेक पातळच असतं, पण फ्रीजमध्ये जाताच स्प्रेडची वडी होते. वीस मिनिटं आधी बाहेर काढून ठेवा. तुमच्यासाठी मात्र तेल वगळून, काजूऐवजी शेंगदाण्याचं केलेलं आणखी बरं.

मुलीला काजू-बदामाची अ‍ॅलर्जी आहे. तिच्यासाठी काही?
— एक आई, वास्को

भाजलेली चणाडाळ, आपलं डाळं. मिक्सरात वस्त्रगाळ पीठ करा. एक वाटी पिठाला तीन चमचे कोको, चार चमचे पिठीसाखर आणि मिश्रण पसरेल इतकं बिनवासाचं तेल, थोडं थोडं घालत. जरा रवाळ होतं, पण चव मोतीचुराच्या जवळ जाते आणि मुलं आनंदाने खातात. कोकोच्या पुड्यावर ‘सुक्या मेव्याचे अंश असू शकतात’ असं छापलेलं असेल तर तो पुडा परत ठेवा. ज्या भांड्यात कधी काजू वाटले, ते भांडंही या कामाला नको. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या काही मुलांना इतर कडधान्यांचाही त्रास होतो, म्हणून डाळं देण्याआधी डॉक्टरांशी बोला.

घरी केलेलं गुळगुळीत होत नाही, जिभेला रवा लागतो. बाजारच्यासारखं मऊ कसं करायचं?
— फर्मागुडीची एक विद्यार्थिनी

मिक्सरने तितकं होणार नाही, हे आधी मान्य कर. कारखान्यात रुळांखाली कण इतके बारीक करतात की जिभेला वेगळे कळतच नाहीत. साखर आधी दोनदा दळून, चाळून घेतलीस तर निम्मा रवा जातो, कारण बोचते ती साखर, काजू नव्हे. घरात इडलीचं पीठ वाटायचा दगडी वेट ग्राइंडर असेल तर काजू मिक्सरात सैल करून मग त्यात दोन-तीन तास फिरव. छोटे चॉकलेटवाले अशाच दगडांवर कोको घोटतात. दगड मात्र आदल्या दिवशी धुऊन उन्हात वाळवलेला हवा, नाहीतर वरचं काणकोणचं पत्र पुन्हा वाच. माझ्या आजीच्या रगड्यावर हे किती मऊ झालं असतं, असं कधीतरी मनात येतं. पण ओढायला आजी हवी.

मुलगा शिकायला बाहेरगावी आहे. गणपतीला येऊन परत जाताना त्याला एक बाटली द्यायची आहे. चालेल का?
— आई, साखळी

कोरड्या कृतीचं द्या, नारळाच्या रसाचं मुळीच नको. कदंबाच्या बसने जाणार असेल तर बाटली उभी राहील अशी बांधा. चवथीच्या दिवसांत गरमी असते, तेल वर येतं आणि झाकणातून पाझरतं. झाकणाखाली प्लास्टिकचा कागद ठेवून घट्ट आवळा. विमानाने परदेशी जाणार असेल तर हातातल्या पिशवीत ठेवू नका. तपासणीत स्प्रेड पातळ पदार्थांत धरतात आणि १०० मिलीच्या वर सोडत नाहीत. माझ्या भाचीची बाटली अशीच गेली. तिने मग बाजूला उभं राहून चमच्याने जमेल तेवढं खाल्लं, आणि चमचा नव्हता म्हणून बोटाने.